विश्वास उडाल्यानंतरची मर्यादा

घरच्यांचा विश्वास गमावलेल्या मुलाला मर्यादा घालणे हे रोजच्या शिस्तीपेक्षा वेगळे काम आहे. रोजच्या शिस्तीत दोन्ही बाजूंचा शब्द चालतो. ‘सातला घरी ये’ म्हटले की मूल सातला नाही तरी सव्वासातला येते आणि उशिराचे जे कारण सांगते ते खरे धरले जाते. कपाटातले पैसे तिसऱ्यांदा कमी भरले, क्लासची फी भरलीच गेली नव्हती असे कळले, किंवा शाळेत जातो म्हणून निघणारा मुलगा महिनाभर भलतीकडेच बसत होता हे कोणी येऊन सांगितले, की ही देवाणघेवाण थांबते. मग घरासमोर दोन कामे उभी राहतात. मुलाच्या वागण्याला ताबडतोब हद्द घालणे हे एक, आणि मोडलेला विश्वास पुन्हा उभा करणे हे दुसरे. पहिले काम मुलाच्या संमतीवाचून आजच्या आज सुरू करता येते. दुसऱ्याला महिने, कधी वर्षे लागतात आणि ते एकट्या आईवडिलांच्या हातचे नसते. बहुतेक घरांत ही दोन्ही कामे एकमेकांत मिसळतात. मर्यादा ही विश्वासघाताची शिक्षा म्हणून घातली जाते आणि मुलाने आठवडाभर गोड वागून दाखवले की विश्वास परत आला असे समजून उठवली जाते. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच घडते, आणि या वेळी राग दुप्पट असतो.

रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावर हे काम आणखी अवघड होते, कारण तिथल्या पुष्कळ घरांत मर्यादा घालणारे हात एका छपराखाली नसतात. श्रीवर्धन तालुक्यातले बोर्ली पंचतन हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव. शेजारी दिवेआगर, पूर्वेला म्हसळा, दक्षिणेला श्रीवर्धन. नारळ-सुपारीच्या वाड्या आणि भातशेती असली तरी रोकड पैसा पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून आला आहे. हिंदू घरांतले कर्ते पुरुष मुंबईला, कोकणी मुसलमान घरांतले मुंबईला किंवा आखातात. त्यामुळे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आवरण्याचे काम आई, आजी-आजोबा आणि एखाद्या काकावर येते, तर निर्णयाचा अधिकार मात्र फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बापाकडे राहतो. ‘बाबांना सांगेन’ किंवा ‘अब्बांना कळू दे’ ही धमकी काही वर्षे चालते. मुलाचा आवाज फुटला की ती चालेनाशी होते. मग गणपतीला, शिमग्याला किंवा ईदच्या सुट्टीला घरी आलेला बाप वर्षभराचा हिशेब दहा दिवसांत चुकता करायला बसतो. आरडाओरडा होतो, मोबाईल फोडला जातो, कधी हात उचलला जातो आणि परतीची गाडी सुटली की घर पहिल्या जागी येते. मुलाला यातून इतकेच समजते की घरातला कायदा सुट्टीपुरता असतो.

आज तिथे वयात येणाऱ्या पिढीच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. सुपारीची उभी बने आडवी झाली, घरांची छपरे उडाली, वीज आणि मोबाईलचे मनोरे कोलमडले. सुपारीचे झाड नव्याने लावल्यावर उत्पन्न द्यायला काही वर्षे घेते. ज्या घरांचा वाडीचा पैसा थांबला त्यांना बाहेरच्या कमाईवर जास्त टेकावे लागले. त्याच काळात मोबाईल हीच शाळा झाली. मुलाच्या हाती फोन घरानेच दिला, शिक्षणासाठी दिला, आणि तो परत कधी घ्यायचा हे कोणी ठरवले नव्हते. त्या वेळी दुसरी-चौथीत असलेली मुले आता आठवी-दहावीत आहेत. त्यांच्याशी फोनच्या वापरावरून होणाऱ्या भांडणांचे मूळ इथे आहे हे आईवडिलांनी मान्य केले तर निम्मा कडवटपणा कमी होतो.

असे मूल ‘हाताबाहेर गेले’ असे म्हणतात तेव्हा घरात प्रत्यक्ष काय चाललेले असते, याचा बारकाईने अभ्यास अमेरिकेतील ऑरेगॉन येथे जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने केला. संशोधकांनी घराघरांत जाऊन आईवडील आणि मुले यांच्यातले छोटे छोटे व्यवहार नोंदवले. १९८२ मध्ये आलेल्या ग्रंथात त्याने मांडलेले चक्र कोणत्याही आईला ओळखीचे वाटेल. आई म्हणते, ‘फोन ठेव, जेवायला ये.’ मुलगा ऐकत नाही. आई आवाज चढवते. मुलगा त्याहून मोठ्याने ओरडतो, ताट सरकवतो, दार आपटतो. आई दमून म्हणते, ‘जा, मर, काय करायचं ते कर.’ घरात शांतता होते. या शांततेने दोघांनाही काहीतरी शिकवलेले असते. ओरडले की सुटका होते हे मुलगा शिकतो, आणि माघार घेतली की त्रास थांबतो हे आई शिकते. दिवसातून पाच-दहा वेळा असे घडले तर वर्षाअखेरीस मुलगा ओरडण्यात तरबेज होतो आणि आई माघारीत. अधूनमधून आईचा संयम सुटून ती जोरात मारते तेव्हा चक्र मोडत नाही, फक्त त्या दिवशी विजेता बदलतो. वाईट हेतू यात कोणाचाच नसतो, म्हणून दोष कोणाचा हे शोधण्यात वेळ घालवू नये.

पॅटरसनच्या आधी डायना बॉमरिंड हिने १९६० च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या पद्धती वेगळ्या करून दाखवल्या होत्या: धाक ठेवणारी, मोकळीक देणारी, आणि माया व ठामपणा एकत्र ठेवणारी. तिसरी चांगली, हे आता सर्वत्र सांगितले जाते. पण विश्वास उडालेल्या घराला या सल्ल्याचा उपयोग थोडाच होतो, कारण तिथे मायाही आटलेली असते आणि ठामपणाही. सुरुवात कुठून करायची, हा खरा प्रश्न असतो.

त्याचे सर्वांत उपयोगी उत्तर तेल अवीव विद्यापीठातील हाईम ओमर या मानसशास्त्रज्ञाने दिले आहे, आणि ते मराठी वाचकाला परके वाटू नये, कारण त्याने आपला मार्ग गांधीजींच्या सत्याग्रहावरून घेतल्याचे उघड सांगितले आहे. हिंसक आणि स्वतःचे नुकसान करून घेणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी अहिंसक प्रतिकाराची पद्धत मांडणारे त्याचे इंग्रजी पुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात, या पद्धतीने वागायला शिकलेल्या आईवडिलांची हतबलता आणि घरातली चढाओढ दोन्ही कमी झाल्याचे दिसले. त्याच्या विचाराचा गाभा असा, की मूल काय करील यावर आईवडिलांचा ताबा नसतो. आपण स्वतः काय करू आणि काय करणार नाही यावर असतो. म्हणून मर्यादा मुलाच्या वागण्याबद्दल हुकूम म्हणून न मांडता आईवडिलांच्या स्वतःच्या वागण्याबद्दल निर्धार म्हणून मांडायची. ‘तू रात्री फोन बघायचा नाहीस’ हा हुकूम पाळायचा की मोडायचा हे मुलाच्या हाती राहते. ‘रात्री साडेदहाला घरातला वायफाय बंद होईल आणि सगळ्यांचे फोन, आमचेसुद्धा, माजघरातल्या फळीवर राहतील’ हे आईवडिलांना स्वतःला पाळता येते.

या पद्धतीची सुरुवात जाहीर सूचनेने होते. दांडीयात्रेपूर्वी, २ मार्च १९३० रोजी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहून आपण काय करणार ते आधीच कळवले होते. ओमरच्या पद्धतीतही आईवडील मुलाला थोडक्यात लिहून देतात आणि शांत वेळी वाचून दाखवतात. त्यात धमकी नसते, जुना पाढा नसतो, ‘तू असा आहेस’ हे वाक्य नसते. बोर्लीसारख्या गावातल्या घरात ती सूचना साधारण अशी असेल: ‘घरातले पैसे न विचारता घेणं आणि शाळा बुडवणं हे यापुढे आम्ही चालवून घेणार नाही. आम्ही तुला मारणार नाही, शिव्या देणार नाही. पण गप्पही बसणार नाही. आम्ही एकट्याने हे सोसणार नाही; मामाला आणि वर्गशिक्षकांना सांगितलं आहे. तू आमचा आहेस आणि तुला आम्ही सोडणार नाही, म्हणून हे करतो आहोत.’ बाप परगावी असेल तर सूचना ठरवताना तो फोनवर हजर असावा आणि खाली नाव दोघांचेही असावे. मात्र वाचून दाखवायची ती घरात राहणाऱ्याने. ज्याला रोज पाळायचे आहे त्याच्याच तोंडून मर्यादा आली पाहिजे.

मुलगा कागद फाडेल, हसेल, उठून जाईल. त्याने मान्य करावे अशी अपेक्षाच नाही, त्यामुळे या प्रतिक्रियेला उत्तर देण्याची गरज पडत नाही. पुढच्या काही आठवड्यांत वागणे बहुधा आणखी बिघडते. आजवर ओरडून जे मिळत होते ते मिळेनासे झाल्यावर मूल आधी जास्त ओरडून पाहते. घरे सर्वांत जास्त इथे कच खातात. या काळासाठी ओमरचा सल्ला आपल्या म्हणीच्या बरोबर उलट आहे: तवा तापलेला असताना पोळी भाजायला जाऊ नये. भांडण पेटले असताना ‘हे मला मान्य नाही, याचा विचार करून सांगेन’ इतके बोलून बाजूला व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी, सगळे शांत असताना, विषय काढायचा. ही माघार नव्हे, कारण विषय खरोखरच काढला जातो. मोठी घटना घडली असेल तर आई किंवा आईवडील मुलाच्या खोलीत, खोली नसेल तर तो झोपतो त्या पडवीत, जाऊन बसतात. सांगतात, की काल जे झाले ते आम्हाला चालणार नाही; पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल हे तुझ्याकडून ऐकायला बसलो आहोत. मग गप्प बसतात, अर्धा तास, कधी तासभर. टोमण्याला उत्तर नाही, उपदेश नाही. मुलाने काही सुचवले तर ते आजमावून पाहायचे कबूल करून उठायचे. काही सुचवले नाही तर ‘आज मार्ग सापडला नाही’ म्हणून उठायचे. मुलगा अंगावर येण्याची शक्यता असेल तेव्हा सोबत तिसरे माणूस घरात हवे.

तिसरे माणूस हा या पद्धतीचा कणा आहे आणि गावात सर्वांत जड जाणारा भागही हाच. मुलाने चोरी केली, शाळा बुडवली हे चार भिंतींत ठेवण्याची धडपड घराची निम्मी ताकद खाते. ‘लोक काय म्हणतील’ ही भीती खोटी नाही. बोर्लीच्या बाजारपेठेत सकाळची गोष्ट दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते, आणि मुलगी असेल तर तिच्या लग्नापर्यंत त्या गोष्टीचे पडसाद जातात. पण लपवाछपवीत मुलाला एक हत्यार मिळते: घर बोलणार नाही याची त्याला खात्री असते. म्हणून सगळ्या गावाला न सांगता चार-पाच माणसे निवडायची. ज्याच्या शब्दाला मुलगा अजून मान देतो तो मामा किंवा चुलत भाऊ, आत्या किंवा खाला, वर्गशिक्षक, क्रिकेटच्या संघातला मोठा मुलगा, ज्याच्या दुकानातून उधारीवर माल जातो तो दुकानदार. त्यांनी मुलाला रागावायचे नाही. ‘मला कळलंय. तू मला आवडतोस, आणि हे थांबलं पाहिजे,’ एवढा निरोप प्रत्येकाने आपापल्या शब्दांत द्यायचा. परगावच्या बापालाही इथे खरी जागा मिळते. वर्षाकाठी एकदा न्यायाधीश होण्यापेक्षा रोज रात्री ठरलेल्या वेळी दहा मिनिटे मुलाशी इकडचे तिकडचे बोलणारा बाप मर्यादेला जास्त बळ देतो. जी माणसे गोष्ट बाहेर फोडतील त्यांना, मग ती कितीही जवळची असोत, या यादीतून वगळावे.

मर्यादा किती असाव्यात? थोड्या. विश्वास उडाला की घर नियमांची रास घालते: केस, कपडे, मित्र, उठण्याची वेळ, फोन, अभ्यास, तोंडातली भाषा. इतक्या आघाड्यांवर लढणारे घर सगळीकडे हरते. जीव, पैसा, शाळा आणि दुसऱ्याला इजा यांच्याशी संबंधित दोन-तीन गोष्टी निवडाव्यात आणि बाकीच्या सध्या सोडून द्याव्यात. केस वाढतील तर वाढू द्यावेत.

किनाऱ्यावरच्या गावांत या निवडीत मोटारसायकल पहिली येते. सुट्टीच्या दिवशी दिवेआगरच्या रस्त्याला पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि तिच्यातून गावातली अल्पवयीन मुले दुचाकी काढतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ही मर्यादा किल्लीने घालता येते, भाषणाने नाही. किल्ली घरात कोणाजवळ राहील हे ठरवावे आणि आजोबांसह सगळ्यांनी ते पाळावे. आजोबांनी हळूच दिलेली किल्ली आईच्या दहा दिवसांच्या निर्धाराची माती करते. तंबाखूच्या बाबतीत कायदा विक्रेत्यावर आहे: बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला दारू किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. टपरीवाल्याला हे शांतपणे ऐकवणे पालकाच्या हातचे आहे, आणि ते बहुधा मुलाच्या खिशांची झडती घेण्यापेक्षा जास्त काम करते.

पैशांची मर्यादाही अशीच साधी ठेवावी. रोकड कुलपात जाईल, एटीएम कार्डाचा आणि फोनवरून पैसे देण्याचा पिन बदलला जाईल, आणि हे सर्वांना सांगून होईल. चोरलेले पैसे परत करायला लावावेत, पण झेपतील अशा हप्त्यांत आणि कष्टातून: वाडीतल्या कामाची किंवा सुट्टीतल्या कामाची मजुरी ठरवून. पालकत्वावर लिहिणारा रुडॉल्फ ड्रायकर्स याच्या विचारातून परिणामाची जी कसोटी पुढे आली ती इथे लागू पडते: परिणाम कृतीशी जोडलेला हवा, प्रमाणात हवा आणि मुलाचा मान राखणारा हवा. पैसे चोरले म्हणून क्रिकेट बंद करणे पहिल्याच कसोटीत नापास होते. उलट क्रिकेटचे मैदान ही बऱ्याचदा शेवटची जागा असते जिथे मुलगा वेळेवर जातो आणि नियम पाळतो. ती जागा हिसकावून घेऊ नये.

मुलींच्या बाबतीत मर्यादा या नावाखाली वेगळेच घडते. मुलाला रात्री घरी यायची वेळ ठरवून दिली जाते. मुलीची शाळाच सुटते आणि स्थळे बघायला सुरुवात होते. फोनवर एखाद्या मुलाशी बोलली एवढ्या कारणाने कॉलेज बंद करणे ही मर्यादा नाही, ते तिचा मार्ग कापून टाकणे आहे. अठरा वर्षांच्या आत लग्न लावून देणे हा २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. घराने खोटे बोलणाऱ्या मुलीला जे सांगायचे ते खोटे बोलणाऱ्या मुलाला सांगायचे त्याहून वेगळे नाही.

खोटे बोलणे हा विश्वास उडालेल्या घराचा सर्वांत दुखरा भाग. इथे आईवडिलांकडून वारंवार एक चूक होते: उत्तर माहीत असताना प्रश्न विचारला जातो. शिक्षकांचा फोन आलेला असतो, तरी ‘आज शाळेत काय शिकवलं?’ असे विचारून मुलाला खोटे बोलायला लावले जाते आणि मग त्या खोट्याची वेगळी शिक्षा होते. माहीत आहे ते सरळ सांगावे: ‘तू आज शाळेत नव्हतास हे मला कळलं आहे.’ शिक्षेने खोटे थांबते का, हे व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांमधल्या तीन-चार वर्षांच्या मुलांची तुलना करून पाहिले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, छडी मारणाऱ्या शाळेतली मुले जास्त खोटे बोलत होती आणि ते जास्त सफाईने निभावत होती. त्याच संशोधकांच्या २०१४ च्या अभ्यासाचा निष्कर्ष मराठी घरांनी मनावर घ्यावा असा आहे. खोट्याची वाईट फळे दाखवणारी ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकून मुलांचा खरेपणा वाढला नाही. झाड तोडल्याचे कबूल करणाऱ्या आणि त्या कबुलीबद्दल वडिलांकडून जवळ घेतल्या गेलेल्या लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकून मात्र वाढला. खरे बोलण्याचा काही फायदा दिसला तरच खरे बोलले जाते. म्हणून कबुलीनंतर परिणाम सौम्य व्हावा आणि तो सौम्य का झाला हे मुलाला सांगावे.

कोकणी घरात या संदर्भात ‘श्यामची आई’ आठवल्याशिवाय राहत नाही. बागमांडल्याहून तरीने सावित्री नदी ओलांडली की मंडणगडमार्गे दापोली तालुक्यातले पालगड गाठता येते, साने गुरुजींचे जन्मगाव. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात श्याम पुस्तकासाठी पाहुण्याचे पैसे चोरतो, आणि पोहायला घाबरून लपतो तेव्हा आईचा मारही खातो. तो मार लोकांच्या लक्षात राहिला आणि पुढच्या कित्येक आयांनी स्वतःच्या हात उचलण्याला त्याचा आधार घेतला. मारल्यानंतर त्याच दिवशी आईने श्यामला जवळ घेतले, हा भाग मात्र गाळला गेला. ओमरच्या पद्धतीत या जवळ घेण्याला स्वतंत्र स्थान आहे. मर्यादा चालू असतानाच, मुलगा चांगला वागला की नाही हे न बघता, आईने त्याच्या आवडीचे काही करावे, त्याच्या जुन्या एखाद्या गोष्टीची आठवण काढावी, सोबत चहा घ्यावा. ते बक्षीस नाही, म्हणून ते मुलाच्या वागण्याला बांधायचे नाही. त्याने ताट सरकवले तरी उद्या पुन्हा करायचे.

स्वतः साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते न बोलता आवरून ठेवत, पडलेले कपडे धुऊन ठेवत. मुले हळूहळू लाजून स्वतः करू लागली, असे त्यांच्या विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. पण याची नक्कल आज घरात करताना सावध राहावे. विश्वास असलेल्या नात्यात मूक सेवेचा परिणाम होतो. विश्वास तुटलेल्या घरात तीच सेवा मुलाला हक्क वाटते.

मग तुटलेला विश्वास परत कसा येतो? पहारा वाढवून येत नाही, हे बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. स्वीडनमध्ये चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० मध्ये दाखवले, की आईवडिलांना मुलाविषयी जे ठाऊक असते ते मुख्यतः मुलाने आपणहून सांगितलेले असते. पाळत आणि चौकशा यांतून मिळणारी माहिती थोडी असते. लपून फोन तपासणारी आई दोन गोष्टी गमावते: सापडलेले वापरता येत नाही, आणि पकडली गेली तर मुलाच्या नजरेत तीही विश्वासघातकी ठरते. तपासायचेच असेल, आणि जिवाला धोका असताना तपासावेच लागते, तर सांगून तपासावे.

विश्वास हप्त्याहप्त्याने द्यावा लागतो. सोव्हिएत शिक्षक अंतोन माकारेंको याने १९२० मध्ये गुन्हेगार ठरलेल्या मुलांची गोर्की वसाहत सुरू केली. तिच्यावरच्या पुस्तकात तो सांगतो, की काराबानोव नावाच्या मुलाला त्याने पाचशे रुबल आणायला एकट्याला पाठवले आणि काही दिवसांनी दोन हजार. गोष्टीतली हिंमत सगळे वाखाणतात. तिच्यामागे महिनोन्‌महिने एकत्र राहून झालेली पारख होती, आणि पाचशे आधी व दोन हजार नंतर हा क्रम होता. घरातही असेच करता येते: आधी दुकानातून पन्नास रुपयांचे सामान आणि उरलेली सुटी नाणी, मग वीजबिल, मग महिन्याच्या बसपासचे पैसे. बुडाले तर घर बुडणार नाही एवढीच रक्कम. मध्येच एकदा फसगत झाली तर शून्यापासून सुरुवात नको, एक पायरी मागे. कोणत्या पायरीवर आहोत हे मुलाला माहीत हवे. ‘आमचा विश्वास बसेल तेव्हा बघू’ या वाक्यात पायरीच नसते. आणि हप्ते दोन्ही बाजूंनी असतात. मारणार नाही म्हणून मारलेल्या, रविवारी येतो सांगून न आलेल्या बापावरचा मुलाचा विश्वासही गेलेला असतो. दिलेला छोटा शब्द पाळून तोही परत मिळवावा लागतो.

घराच्या बाहेरून मर्यादा घालून घ्यावी ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारशाळा सुरू झाली. १९२४ च्या मुंबई मुलांच्या कायद्यानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीतले उमरखाडीचे बालगृह तिच्याकडे आले. ‘डोंगरीला टाकीन’ ही मुंबईतून कोकणात पोचलेली धमकी तिथली. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात पालक स्वतः बालकल्याण मंडळापुढे जाऊन ‘हे मूल आम्हाला आवरत नाही’ अशी तक्रार करू शकत आणि चौकशीनंतर मुलाला निरीक्षणगृहात पाठवता येई. पुढच्या कायद्यांत अनावर मूल हा वेगळा प्रकार उरला नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल, या नजरेने बालकल्याण समिती त्याच्याकडे पाहते. त्यामुळे निरीक्षणगृहाची, म्हणजे रिमांड होमची, धमकी आज पोकळ आहे, आणि मुलांना ती पोकळ असल्याचे ठाऊक असते. दुसरीकडे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने क्रूरपणे वागवले तर २०१५ च्या कायद्याचे कलम ७५ त्याला तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकते. पट्ट्याने मारणारा बाप स्वतःला शिस्तप्रिय समजत असला तरी कायदा तसे समजत नाही.

मदत मागण्याची दुसरी परंपराही मुंबईचीच. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, १९३७ मध्ये देशातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले आणि याच संस्थेतून १९९६ मध्ये १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन उभी राहिली. तिच्यावर फोन करण्यासाठी मूल बेघर असावे लागत नाही. गावपातळीवर सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असते. शाळा सुटलेल्या किंवा लग्न ठरवलेल्या मुलीसाठी तिच्याकडे जाता येते. मनाच्या तक्रारींसाठी ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. बोर्लीहून मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर माणगाव, अलिबाग किंवा मुंबईचा रस्ता धरावा लागतो, तेव्हा पहिली पायरी म्हणून फोन कमी लेखू नये.

काही खुणा दिसल्या तर मर्यादेच्या आधी तपासणी हवी. वागणे काही आठवड्यांत एकदम बदलले, झोप आणि भूक गेली, मूल एखाद्या ठरावीक माणसाला किंवा जागेला टाळू लागले, तर त्यामागे नैराश्य किंवा लैंगिक अत्याचार असू शकतो. पहिलीपासून वाचन-लेखन जमत नसेल तर शाळा बुडवण्याचे कारण अध्ययन अक्षमता असू शकते. प्रमाणपत्र मिळाल्यास दहावीच्या परीक्षेत सवलती आहेत. लहानपणापासूनची कमालीची चंचलता हा औषधाने आणि प्रशिक्षणाने आटोक्यात येणारा विकार असू शकतो. नशा हा वेगळा आजार आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून त्याच्यावर काम करते आणि व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घराशीही बोलते. मूल मरण्याची भाषा करत असेल तर सगळ्या मर्यादा बाजूला ठेवून त्याला एकटे न सोडणे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठणे एवढेच काम उरते.

अठरा पूर्ण झाले की मर्यादेचा कायदेशीर पाया बदलतो. मुलगा सज्ञान होतो, १०९८ आणि बालकल्याण समिती यांचा आधार संपतो, १४४१६ चा राहतो. आईवडिलांकडे उरते ती घराच्या मालकाची मर्यादा: या घरात कोण राहील, कोणत्या वेळेनंतर कडी लागेल, कोणत्या कर्जाला सही मिळेल आणि कोणत्या नाही. तोवर विश्वासाच्या काही पायऱ्या चढून झाल्या असतील तर या गोष्टी मुलाशी बोलून ठरवता येतात. झाल्या नसतील तर तीच सूचना, तीच चार-पाच माणसे आणि तोच न मारण्याचा शब्द घेऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. फक्त आता समोर बसलेल्याला नाही म्हणून निघून जाण्याचा पूर्ण अधिकार असतो.